निरोप पोचल्याचा निरोप

माझ्या आतेभावाइतका संवादाचा अभ्यास केलेला आणि संवादाच्या नावानं इतकी बोंब असलेला माणूस अख्ख्या बदलापुरात सापडायचा नाही. हा कॉलेजात शिकवतो आणि उरलेल्या वेळात, अनेक यंत्रांनी एकमेकांशी बोलून एखादं काम मिळून कसं करावं, याची सूत्रं मांडतो. संगणकावर यंत्रं म्हणून मांडलेले त्याचे चाळीस ठिपके न भांडता ओझं वाहून नेतात. घरात मात्र बायकोनं "चहा ठेवलाय" म्हटलं की हा "कळलं" म्हणतो, आणि ते तिला कळल्याचं ती सांगेपर्यंत कपाला हात लावत नाही. रिक्षावाल्यानंही 'उजवीकडे' हे परत म्हणून दाखवावं, असा हट्ट. "काका, वळू की पाढे म्हणू?" असं एकानं विचारलंही.

असा हा पंडित सख्ख्या धाकट्या भावाशी चार वर्षं बोलत नव्हता. धाकटा अंबरनाथला राहतो, आनंदनगरच्या एका कारखान्यात फिटर आहे. वडिलांच्या वर्षश्राद्धाची वेळ बदलल्याचा मेसेज फोनमध्येच कुठेतरी अडकला आणि धाकटा आला तेव्हा पानं उचलून झाली होती. तेव्हापासून अबोला. आत्याची पंच्याहत्तरी जवळ आली तेव्हा तिनं दोघा लेकांना बजावलं, "दोघं शेजारी बसणार असाल तरच ओवाळा मला. नाहीतर निरांजनं माळ्यावरच राहू द्या."

फोनवर दोघांचाही विश्वास उरला नव्हता, त्यामुळे माझ्या स्कूटरचे हाल सुरू झाले. रविवारच्या अकराचं आमंत्रण घेऊन मी अंबरनाथला गेलो. धाकटा म्हणाला, "येतो ना. पण मी येतोय हे दादाला कळलं, ते आधी मला येऊन सांग. परत उष्टी पानं बघायला येणार नाय." मी बदलापूरला परत. आतेभाऊ म्हणाला, "कळलं म्हणून सांग. पण ते त्याला पोचलं, हे मला कसं कळणार?" अशा तीन फेऱ्या झाल्या. रविवार उजाडला तरी कोणाचीच खात्री पटलेली नव्हती.

"कितीही फेऱ्या मार, पूर्ण खात्री होणं अशक्यच आहे! हे बघ, सिद्ध केलं," भिंतीवरच्या फळ्याकडे बोट दाखवत आतेभाऊ लॉटरी लागल्यासारखा म्हणाला. नवं लुगडं नेसून आत्या दारात उभी होती. "म्हणजे तो येणार नाही, असं निघालं का रे गणितात?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं खडू ठेवला, घरातल्याच चपलांवर बाहेर आला आणि मला म्हणाला, "स्कूटर काढ." धाकटा घरी असेल का, असं मी विचारलं. "माहीत नाही," तो म्हणाला आणि मागे बसला.

धाकट्यानं दार उघडलं ते इस्त्रीच्या शर्टात, एका पायात बूट. "तिकडंच निघालो होतो," तो म्हणाला. "निरोपाची वाट बघून वैतागलो यार." त्यानं दुसरा बूट चढवला. दोघं भाऊ एका रिक्षात बसले, मी मागून निघालो. हसू येत होतं आणि चार वर्षं फुकट गेली याचं फार वाईटही वाटत होतं.

सुनेनं ओवाळलं तेव्हा आत्या निरांजनांकडे बघतसुद्धा नव्हती. जेवणं झाली, सगळ्यांचे हात वाळले, तरी दोघांच्या खांद्यांवरचे हात तिनं काढले नाहीत. "उठू नका रे एवढ्यात," एवढंच ती म्हणत राहिली.