साहेबांचा गोल

सकाळचे अकरा. कर्जतचं मैदान. मुलींच्या शालेय फुटबॉलची जिल्ह्याची फायनल सुरू होती, आणि उद्घाटनाला यायचे ते पाहुणे तेव्हा पोचले. मॅच संपायला थोडाच वेळ उरला होता.

त्या पाहुण्यांकडे येतोच. पण सरळ तिथे गेलो तर तुमचा विश्वास बसायचा नाही. आयुष्यभर क्रीडा पानासाठी बातम्या लिहिल्या. बातमी छापली की संपते. छापता येत नाही ते सगळं डोक्यात साठत जातं. या एका टीमनेच एका हंगामात माझं डोकं भरलं.

टीम कर्जतजवळच्या एका गावातल्या शाळेची. कोच शेळके सर, जुने कबड्डीपटू. फुटबॉलचे नियम ते मोबाईलवर वाचून शिकवायचे. गोलकीपर ऋतुजा, नववीतली. फायनल जिंकणारी टीम विभागीय स्पर्धेला जाणार होती, आणि विभागाला खेळलेल्या मुलींनाच निवासी क्रीडाशाळेच्या चाचणीचं बोलावणं येणार होतं. ऋतुजाला त्या शाळेत जायचं होतं. बाकी काही नको होतं.

* * *

पहिलीच मॅच. समोरची फॉरवर्ड बॉल घेऊन सुसाट निघाली. आमच्या डिफेंडरने सूर मारला आणि तिचा घोटा दोन्ही हातांनी धरला! शिट्टी. फाऊल. पिवळं कार्ड.

लाइनीबाहेरून शेळके सर ओरडले, "चूक हाय, पण पकड बघा!"

* * *

बॉल लाइनीबाहेर गेला की थ्रो-इन दोन्ही हातांनी, डोक्याच्या मागून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून करायचा. पोरी एका हाताने चेंडू भिरकावायच्या. पंच दर वेळी बॉल समोरच्या टीमला द्यायचे.

सर वैतागले. "अगं, गोठ्यात वैरणीचा भारा कसा टाकता?"

त्या दिवसापासून एकही थ्रो-इन चुकला नाही.

* * *

ऑफसाईड मात्र प्रेक्षकांना पटेना. आमच्या मुलीने गोल केला, पंचांनी रद्द केला. गावचे एक आजोबा थेट मैदानात! "पोरगी मोकळी हुबी हुती! मोकळं हुबं राहायची शिक्षा व्हय?"

ऋतुजाने गोलमधून येऊन समजावलं, "आजोबा, टँकर यायच्या आधीच कुणी पुढं घुसून नळीपाशी हुबं राहिलं तर तुमी काय करता?"

"हाकलतो."

"त्येच ऑफसाईड."

आजोबा परत जागेवर जाऊन बसले. मी असंख्य तज्ज्ञांची समालोचनं ऐकली आहेत. इतक्या कमी शब्दांत हा नियम कोणी सांगितलेला नाही.

* * *

सेमीफायनलला संयोजकांची रेषा आखायची फक्की संपली. पेनल्टी बॉक्स एकाच बाजूला आखलेला! गोलकीपरला बॉल हाताळायची मुभा फक्त या बॉक्समध्ये असते, हे सांगायला हवंच. मी संयोजकांना विचारलं, "दुसऱ्या बाजूचं काय?"

"तिकडं तसाच हाय असं समजा."

उत्तरार्धात ऋतुजा त्या बाजूला आली. बॉल हातात घेऊन ती बरीच पुढे गेली, पंचांनी शिट्टी मारली. ती म्हणाली, "सर, मी समजलेला बॉक्स इथपर्यंत हुता!"

पंच हसले, पण फ्री किक दिलीच. नशीब, ती बारवरून गेली.

* * *

आता फायनल. वेळ नऊची. पाहुण्यांचा पत्ता नाही. ऊन वाढलं म्हणून पंचांनी साडेदहाला मॅच सुरू केली. अकराला साहेब आले तेव्हा शून्य-शून्य होतं.

मॅच थांबवली. नारळ फोडला. आमच्याकडचा रिवाज असा की पाहुण्यांनी पेनल्टीच्या खुणेवरून बॉल मारायचा, आणि फोटो चांगला यावा म्हणून गोलकीपरने बाजूला व्हायचं. मंडप ऋतुजाच्या बाजूला होता.

"बाळ, सरक जरा," संयोजक म्हणाले. ती सरकली.

साहेबांनी मारला. बॉल जाळीत! टाळ्या. साहेबांनी दोन्ही हात वर केले. माईकवरचा निवेदक भान विसरला, "गोऽऽल!" आणि फळ्यावर कुणीतरी समोरच्या टीमला एक-शून्य केलं.

शेळके सर धावत गेले. "अहो, ते पुसा!"

संयोजक दबक्या आवाजात म्हणाले, "साहेब बसलेत समोर. त्यांचा गोल कसा पुसायचा? तुमीच सांगा!"

पंचांनी मंडपाकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, आणि बॉल मधोमध ठेवायला सांगितला. गोल झाल्यावर ठेवतात तसा.

उरलेल्या वेळात कुणालाच गोल करता आला नाही. समोरची टीम विभागाला गेली.

बक्षीस समारंभात ऋतुजा संयोजकांसमोर जाऊन उभी राहिली. "सर, एका टीममधी अकरा असतात ना? मग साहेब कोणाच्या जागी खेळले?"

संयोजक ट्रॉफ्या मोजायला लागले. मग मीच पुढे झालो. "छापायचं आहे. गोल कोणाच्या नावावर टाकू?"

संयोजक म्हणाले, "साहेबांना विचारून सांगतो."

क्रीडाशाळेची चाचणी होऊन गेली. संयोजकांनी साहेबांना अजून विचारलेलं नाही.