खांद्याइतकी फळी

लेकीकडे इंग्लंडला आल्यापासून बाजारातून चढाने घरी येताना मला रोज एक कोडं पडायचं. वाटेत दोन लोखंडी खांबांवर एक लाकडी फळी आहे, पण थेट खांद्याइतकी उंच. हिच्यावर बसायचं तरी कसं?

आज पाठीवरच्या सॅकमध्ये बटाटे जास्त झाले, म्हणून तिथे थांबले. शेजारच्या बाकावरचे आजोबा हसून म्हणाले, "ती बसायला नाही, ओझं टेकवायला आहे." एका कापडवाल्याने बसवली म्हणे. तरुणपणी तो याच चढावरून पाठीवर गठ्ठे वाहायचा. पुढे मोठा व्यापारी झाला, नगराध्यक्ष झाला. गावाला दवाखाना दिला, वाचनालय दिलं, पण सगळ्यात आधी ही फळी.

मला आमच्या कोकणातल्या लाकडाच्या मोळ्या आठवल्या. मोळी जमिनीवर ठेवली की पुन्हा डोक्यावर घ्यायला दुसरं माणूस लागतं. उंचावर टेकवली, तर दम खाऊन आपली आपल्याला उचलता येते. दवाखाना कुणीही श्रीमंत माणूस देईल. ही उंची मात्र ज्याने ओझं वाहिलंय त्यालाच सुचणार.

"घरापर्यंत आणून देऊ का?" आजोबांनी विचारलं.

हे गेल्यापासून सगळेच माझ्या हातातली पिशवी काढून घेतात.

"नको," मी म्हटलं. पाठीवरची सॅक उतरवून फळीवर टेकवली, धाप ओसरेपर्यंत उभी राहिले. मग फळीकडे पाठ करून पट्टे पुन्हा खांद्यांवर घेतले आणि जराही न वाकता उरलेला चढ चढू लागले.