अक्कांचं प्लेसमेंट

मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको.

बारा वर्षं मी सोलापुरातल्या खासगी हॉस्पिटलांत नर्स होते. तिथे सहाय्यक म्हणून घेतलेल्या बायकांच्या हातात पहिल्या दिवशी काय देतात, ते मी बघत आले होते. पुढे मुलीची शाळा आणि माझ्या ड्यूट्या यांचा मेळ बसेना. त्याच सुमारास पूर्व भागात रोजगार प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. जागा पालिकेची, योजनेला पाठबळ पालिकेचं, आणि वर्ग चालवायचं काम बाहेरच्या एका संस्थेकडे. त्या संस्थेने मला कंत्राटावर घेतलं. रुग्णसेवा सहाय्यकाचा तीन महिन्यांचा कोर्स मी शिकवायचा. सकाळी दहा ते पाच, रविवारी सुट्टी. बारा वर्षांत मला रविवार माहीत नव्हता. मी लगेच हो म्हटलं.

शिकवण्याआधी बायका गोळा करायच्या होत्या. तीस जणींची तुकडी भरली नाही तर वर्ग नाही, आणि वर्ग नाही तर मी नाही. फॉर्मांचा गठ्ठा घेऊन मी विडी कामगारांच्या वस्तीत घरोघर हिंडले.

अक्का मला त्यांच्या दारातच भेटल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. माझ्याशी बोलत होत्या तरी हात थांबले नव्हते, आणि हातांकडे बघतही नव्हत्या. वय चाळिशीच्या जरा पुढे. नवरा कामाला होता तो यंत्रमाग कारखाना बंद पडलेला. तो मिळेल तिथे बदली कामगार म्हणून जायचा. मुलगी अकरावीला. घरात तेलुगू, बाहेर मराठी. त्या भागातल्या मोठ्या बायकांना सगळे म्हणतात तसं मीही त्यांना अक्का म्हणू लागले.

माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "कोर्स झाल्यावर नोकरी लागती का खरं?"

"शंभर टक्के," मी म्हणाले. हा शब्द आम्हाला संस्थेने शिकवला होता.

"हॉस्पिटलात?"

"हॉस्पिटलात. पांढऱ्या कपड्यातल्या माणसांत बसायचं. हे तंबाखूचं खोकणं नको, काही नको."

"माझं शिक्षण सातवी हाय. तेबी तेलुगू शाळेत."

"चालतं."

त्यांनी एक विडी वळून सुपात टाकली. "आणि कार्डाचं काय मॅडम?"

कार्ड म्हणजे विडी कारखान्याचं. ज्या बाईच्या नावावर कार्ड, तिला ब्रांचमधून पान-तंबाखू मिळतं, तिच्या विड्या जमा होतात, तिचा फंड कापला जातो. कार्ड सासूकडून सुनेकडे यावं म्हणून घरं वर्षानुवर्षं खटपट करतात. बरेच दिवस माल दिला नाही की नाव कमी होतं.

"तीन महिन्यांचाच तर प्रश्न आहे," मी म्हणाले, आणि फॉर्म पुढे केला.

केंद्र पालिकेच्या एका बंद पडलेल्या तेलुगू शाळेत होतं. पहिल्या दिवशी अक्का दारातच थबकल्या. त्या ह्याच शाळेत शिकल्या होत्या. खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसल्या आणि पुढचे तीन महिने ती जागा त्यांनी सोडली नाही.

पहिली अडचण हजेरीची आली. यंत्रावर अंगठा लावायचा होता, आणि अर्ध्या बायकांचे अंगठे यंत्र घेईना. वर्षानुवर्षं पानं दुमडून बोटांवरच्या रेघा झिजल्या होत्या. केंद्राचा मॅनेजर, पंचविशीतला एक पोरगा, वैतागून म्हणाला, "हात धुऊन या जरा." बायका धुऊन आल्या. तरी घेईना. मग मी घरून व्हॅसलीन आणलं, अंगठे चोळून पुन्हा लावायला लावले. अक्कांची हजेरी रोज पाच-सहा प्रयत्नांनी लागायची. उशीर झाला असा शेरा यंत्र मारायचं, आणि त्या मात्र पावणेदहालाच आलेल्या असायच्या.

पाणी यायच्या दिवशी वर्ग अर्धा रिकामा असायचा. चार-पाच दिवसांनी एकदा नळ येतो तेव्हा घर सोडून कोण येईल. अक्का त्या दिवशीही यायच्या. मुलीला कॉलेज बुडवायला लावून नळावर बसवायच्या. मला ते कळलं तेव्हा वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं, कारण संस्था टक्केवारी बघायची.

खरं सांगते, मी बऱ्याच जणींना शिकवलं, नर्सिंगच्या मुलींनाही. अक्कांच्या हातांसारखे हात पाहिले नाहीत. अंथरुणावरच्या माणसाला न दुखवता कुशीवर कसं वळवायचं, हे मी एकदा दाखवलं आणि त्यांनी दुसऱ्यांदा माझ्यापेक्षा चांगलं केलं. नाडी त्यांना लगेच सापडायची. ब्लड प्रेशर घ्यायला शिकायला इतरांना पंधरा दिवस लागले, त्यांना तीन. वहीत सगळे शब्द तेलुगू अक्षरांत लिहायच्या. सिस्टोलिक, डायस्टोलिक, कॅथेटर, बेडसोअर. रात्रीत पाठ करून सकाळी मला म्हणून दाखवायच्या आणि चुकलं का म्हणून तोंडाकडे बघत राहायच्या.

संस्थेचे मोठे साहेब एकदा पुण्याहून पाहणीला आले. फोटो काढायचा म्हणून त्यांना खुर्चीवर बसवलं आणि अक्कांना बीपी घ्यायला सांगितलं. फोटो झाला. साहेब हात काढून घेऊ लागले, तर अक्का म्हणाल्या, "थांबा साहेब." पुन्हा हवा भरली, पुन्हा ऐकलं. "तुमचं बीपी लई जास्त हाय. आजच दाखवून घ्या."

साहेब हसले. "मशीन जुनं दिसतंय," मॅनेजरला म्हणाले. मी नंतर त्यांचं बीपी माझ्या कानांनी मोजलं. अक्कांचा आकडा बरोबर होता.

दुसऱ्या महिन्यात त्या एक दिवस मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आल्या. वर्गातून गेल्यावर स्वयंपाक करून विड्या वळायला बसत होत्या, पण ठरलेला माल भरत नव्हता. ब्रांचमधून निरोप आला होता की असंच चाललं तर नाव काढावं लागेल.

"काय करू, मॅडम? आठ दिवस रजा देता का? तेवढ्यात भरपाई करते."

आठ दिवस रजा दिली असती तर त्यांची हजेरी नियमाच्या खाली गेली असती. त्या परीक्षेला बसू शकल्या नसत्या, आणि तुकडीतलं एक नाव कमी झालं असतं. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सोडा की अक्का ते कार्ड. आता कशाला पाहिजे? महिन्याभरात तुम्ही हॉस्पिटलात असाल."

त्यांनी सोडलं. माझ्या शब्दावर सोडलं. सासूने मरताना त्यांच्या नावावर केलेलं कार्ड होतं, हे मला नंतर कळलं.

परीक्षेत त्या पहिल्या आल्या. प्रमाणपत्राच्या कार्यक्रमाला निळे ॲप्रन घालून तीसच्या तीस जणी एका ओळीत उभ्या राहिल्या. अक्कांचा नवरा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. आठवड्याभरात अक्कांना आणि आणखी दोघींना एका खासगी हॉस्पिटलाचं पत्र मिळालं. पत्रावर 'पेशंट केअर असिस्टंट' असं लिहिलेलं होतं.

पुढचं मला त्यांनीच सांगितलं. पहिल्या दिवशी निळा ॲप्रन काढायला लावून तपकिरी दिला. बादली आणि पोछा दिला. अक्कांना वाटलं, नव्या माणसाला आधी हे करावं लागत असेल. दोन मजल्यांच्या फरश्या आणि संडास त्या दिवसातून तीनदा पुसत राहिल्या. बरोबरच्या दोघी चौथ्या दिवशी निघून गेल्या. अक्का थांबल्या.

अकराव्या दिवशी वॉर्डमध्ये फरशी पुसताना त्यांना एक म्हातारी दिसली. सलाईन लावलेला तिचा हात कोपरापर्यंत सुजला होता आणि ती कण्हत होती. सुई शिरेतून निघाली होती. अक्कांनी सिस्टरला जाऊन सांगितलं. सिस्टर फोनवर होती, म्हणाली येते. ती येईना. तेव्हा अक्कांनी हात धुतले, सलाईनची चकती फिरवून थेंब बंद केले, म्हातारीचा हात उशीवर उंच ठेवला आणि तिच्याजवळ थांबल्या. मी शिकवलं होतं अगदी तसंच.

सुपरवायझरने त्यांना सगळ्या वॉर्डसमोर विचारलं, "मावशी, पेशंटला हात लावायचा अधिकार तुला कुणी दिला?"

"मी कोर्स केलाय, साहेब. सर्टिफिकेट हाय माझ्याकडं."

"ते घरी भिंतीला लाव."

दुसऱ्या दिवशी त्यांना येऊ नको म्हणून सांगितलं.

त्या सरळ केंद्रावर आल्या. रडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. मला एवढंच विचारलं, "माझं काय चुकलं का, मॅडम? तुमी सांगितलं तसंच केलं की."

"काही चुकलं नाही," मी म्हणाले.

मी मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, प्लेसमेंट लेटर फाइलला लागलंय. आपलं काम संपलं. आता फक्त व्हेरिफिकेशनचा कॉल येईल तेवढा सांभाळा." कोर्सनंतर काही आठवड्यांनी तपासणीचे फोन यायचे. बाई कामावर आहे का, एवढंच विचारायचे. नाही म्हणणाऱ्या बायका जास्त निघाल्या तर पुढची तुकडी मिळणार नाही, असं त्याने मला समजावलं. "तुमचं कंत्राटही त्याच्यावरच आहे," हेही सांगितलं. धमकी म्हणून नाही. सहज सांगितलं.

मी अक्कांना बोलावून घेतलं. त्या त्यांच्या खिडकीजवळच्या बाकावर बसल्या. मी समोर उभी राहिले. काय बोलायचं ते घरून ठरवून आले होते.

"अक्का, एक फोन येईल. काम चालू आहे का म्हणून विचारतील. हो म्हणायचं."

"काम कुटं हाय?"

"नाही. पण हो म्हणा. नाहीतर पुढच्या बायकांना वर्ग मिळणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पुढच्या बायकांना? का तुमाला?"

मी समोरच्या बाकावरची धूळ हाताने पुसली.

"तुमची मुलगी कितवीला हाय?"

"सहावीला."

"बरं," त्या म्हणाल्या.

फोन त्यांच्या घरी आला. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. पण फाइलमध्ये त्यांच्या नावापुढे 'कार्यरत' असं लिहून आलं. चार महिन्यांनी केंद्राच्या फाटकाबाहेर मोठा फ्लेक्स लागला. साहेबांचं बीपी घेणाऱ्या अक्का त्यावर होत्या, निळ्या ॲप्रनमध्ये. खाली लिहिलं होतं, विडी ते रुग्णसेवा, एक यशस्वी वाटचाल. अक्कांचा रोजचा भाजी आणायचा रस्ता त्या फाटकावरूनच जात होता. त्यांच्या गल्लीतल्या बायका त्यांना हाका मारून म्हणायच्या, "अगं, तू तर मोठी सिस्टर झालीस की." मी मॅनेजरला दोनदा तो फ्लेक्स काढायला सांगितलं. तो म्हणाला, "लोक प्रेरणा घेतात, मॅडम." पुढच्या पावसाळ्यात फ्लेक्स आपोआप फाटला.

माझं कंत्राटही पुढच्या वर्षी संपलं. संस्थेला दुसऱ्या शहराचं काम मिळालं, मॅनेजर तिकडे गेला, आणि आम्हा शिक्षिकांना एका मेसेजवर नमस्कार सांगितला. मी पुन्हा हॉस्पिटलात लागले. आता माझे रविवार जातात.

मागच्या वर्षी मला एका ओळखीच्या घरातून निरोप आला. लकवा झालेल्या सासऱ्यांसाठी कुणी चांगली बाई हवी होती. माणसं सभ्य, काम नीट. मला अक्काच आठवल्या. मी त्यांच्या घरी गेले. त्या विड्या वळत होत्या. आता स्वतःच्या कार्डावर नाही. शेजारणीच्या नावावर माल आणायचा आणि तिच्या नावावर जमा करायचा. फंड तिचा, हजेरी तिची. बोटं मात्र तशीच चालत होती.

मी कामाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नको मॅडम. आता न्हाय जमायचं."

"तुम्हाला सगळं येतंय, अक्का."

"येतंय की. येतंय म्हणूनच नको."

मुलगी चहा घेऊन आली. बारावी झाली होती. अक्का म्हणाल्या, "हिला नर्सिंगला जायचं म्हणती. तुमी सांगा, घालू का?"

मुलगी ट्रे हातात धरून माझ्याकडे बघत उभी राहिली. मी चहा खाली ठेवला आणि सांगायला बसले. कुठलं कॉलेज नावापुरतं आहे आणि कुठलं खरं. कागदावर सही एका पगाराची असते आणि हातात दुसरा येतो. बारा-बारा तासांच्या ड्यूट्या. डॉक्टरांचं बोलणं, पेशंटच्या नातेवाइकांचं बोलणं. सरकारी भरती किती वर्षांनी निघते आणि कंत्राटावर मुली कशा म्हाताऱ्या होतात. चांगलं काय आहे तेही सांगितलं, कारण तेही आहे. मी अर्धा-पाऊण तास बोलत होते. बारा वर्षांत आणि त्या केंद्रावरच्या दोन वर्षांत मी कुणाशीच असं बोलले नव्हते.

अक्कांचे हात थांबले होते. माझं संपल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"एवढं सगळं तुमाला ठावं होतं," त्या म्हणाल्या. "तवाच सांगायचं की, मॅडम."

मग त्यांनी गार झालेला चहा आत नेऊन गरम करून आणला आणि मी पिऊन संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या. मुलीने त्या वर्षी बी.कॉम.ला नाव घातलं, असं मला त्या गल्लीतल्या दुसऱ्या एकीकडून कळलं. लकव्याच्या म्हाताऱ्यांकडे दुसरी बाई लागली. तिने कसलाच कोर्स केलेला नाही.