निळी पडलेली इडली

दक्षिणेतल्या आवडी गावच्या संरक्षण कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त होऊन तिथेच राहिलेल्या माझ्या वडिलांना मोबाइलवर व्हिडिओ आला: पनीरवर आयोडीनचा थेंब टाका, निळं पडलं तर भेसळ. त्या दिवशी घरात पनीर नव्हतं, खालच्या दुकानातल्या पिठाची इडली होती. ती निळी पडली. वडिलांनी तिचा फोटो 'नापास' असा शेरा मारून इमारतीच्या ग्रुपवर टाकला. ते पीठ विकणाऱ्या बाईंकडे दुसऱ्या दिवशी कोणी फिरकलं नाही.

बाई वर आल्या. "सार, तुमच्या कुकरातल्या भातावर टाका थेंब."

भात निळा झाला. मग बटाटा, मग पोळी.

"आता मलाही तपासा," आई म्हणाली.

आयोडीनने स्टार्च निळा पडतो आणि तांदळात स्टार्च असतोच, असा खुलासा वडिलांनी ग्रुपवर टाकला. तो कोणी वाचला नाही. फोटो मात्र संध्याकाळी पुण्याच्या आत्याकडून परत आला: "दादा, तिकडची इडली खाऊ नकोस."

मग वडील रोज सकाळी दुकानासमोर खुर्ची टाकून सर्वांदेखत त्याच पिठाची इडली खाऊ लागले. आठवड्याभरात गिऱ्हाईक परतलं. वडील खुर्ची उचलू लागले, तेव्हा बाईंनी आणखी दोन इडल्या वाढल्या. "तपासणी चालू राहू दे, सार."