मामाचं वीज खाणारं खोकं

माझा मामा छापखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा आणि घरी आला की पॉवर सप्लाय बनवायचा. भिंतीतली वीज घेऊन रेडिओला किंवा छोट्या पंख्याला झेपेल एवढीच पुढे सोडणारी ती खोकी. नात्यातलं एकही घर त्यातून सुटलं नव्हतं. कुणाला बाळ होवो की कुणी घर बदलो, मामाची भेट ठरलेली. प्रत्येक खोक्यावर पांढऱ्या रंगात, वळणदार अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘बारा व्होल्ट, पाच अँपिअर’.

तपासायला त्याच्याकडे एक फळी होती, तिच्यावर मोटारीचे दिवे. दिवे लागले की सप्लाय पास. एखाद्या वेळी उजेड मंद वाटला, तर मामा म्हणायचा, “डोळ्यांना बरा असतो असा.”

निवृत्त झाल्यावर मात्र त्याला अचूकपणाचा ध्यास लागला. त्याने लोड बनवायला घेतला. हे यंत्र सप्लायला जोडायचं, बटण फिरवून हवा तेवढा करंट ओढायचा आणि सप्लाय कुठे धापा टाकतो ते मीटरवर बघायचं.

“म्हणजे हे नेमकं करतं काय?” मामीने विचारलं.

“वीज खातं.”

“आणि देतं काय?”

“काही नाही. नुसतं गरम होतं.”

“असं एक आहे की आपल्या घरात,” मामी म्हणाली.

पहिला लोड बिस्किटांच्या डब्यात जळाला. दुसऱ्याला मामाने उष्णता ओढून घ्यायला ॲल्युमिनियमचा ठोकळा लावला, मोडीतल्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला. बटण जरा हललं की करंट उडी मारायचा, म्हणून बारीक फरकासाठी शेजारी आणखी एक बटण लावलं. ते मिक्सरचं होतं, हे मामीला चटणी वाटायला गेल्यावर कळलं.

मग त्याने स्वतःचा सगळ्यात लाडका सप्लाय लोडला जोडला. दोन अँपिअरपर्यंत सगळं छान. तिसऱ्याला मीटर बारावरून दहावर आला, चौथ्याला नवावर. मामाने आधी लोडवरच संशय घेतला, तो पूर्ण खोलला, रेडिओवाल्याकडून दुसरा मीटर आणून ताडून पाहिला. लोड निर्दोष निघाला. खोट सप्लायच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये होती. मामाने तो मुळातच छोटा निवडला होता, आणि सगळ्या खोक्यांत तोच बसवला होता.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन घरोघरी निघाला, दिलेल्या भेटी परत मागायला. माझ्या आईला वाटलं, भाऊ रुसला. तिने रागारागाने सप्लाय दिला आणि वर त्याच्यावर चालणारा पंखाही नेऊन टाक म्हणाली.

अडला तो मामीच्या धाकट्या भावापाशी. तो शिंपी. त्याच्या दुकानात मामाच्या सप्लायवर दिवसभर रेडिओ चालायचा.

“भावोजी, चांगला चाललाय. का नेताय?”

“चांगला नाहीये. पाच अँपिअर देत नाही तो.”

“रेडिओला लागतात का पाच?”

“नाही. पण मी लिहिलंय ना त्याच्यावर.”

शिंपीदादाला हे पटेना. शेवटी सप्लाय काखेत मारून तो स्वतःच मामाच्या घरी आला. मामाने बटण फिरवलं, मीटर घसरला.

“म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला चुकीचं लिहून दिलं होतं,” तो सावकाश म्हणाला.

“हो,” मामा म्हणाला. “चुकलं माझं.”

मेहुण्याने हे वाक्य ऐकायला उभा जन्म वाट पाहिली होती. ते इतक्या सहज मिळाल्यावर त्याला त्याचं काय करावं सुचेना. मग म्हणाला, “ते बटण मी फिरवून बघू?”

तो तासभर बटण फिरवत बसला.

मामाने एकेक करून सगळ्या सप्लायमध्ये मोठे ट्रान्सफॉर्मर बसवले आणि ते परत पोचवले. आईने तिचा घेतला, पण आधी त्याला दारात चांगलंच ताटकळत ठेवलं. शिंपीदादा मात्र आता दर रविवारी येतो. मध्यंतरी त्याने लोडसाठी जाड कापडाची खोळ शिवून आणली, पंख्याची हवा जायला दोन फटी ठेवून. फटी चुकीच्या बाजूला आहेत, असं मामाचं म्हणणं. पंखाच चुकीच्या बाजूला बसवलाय, असं शिंप्याचं. वाद ऐन रंगात आला, तेव्हा मामीने दोघांवर दार ओढून घेतलं आणि आत जाऊन आडवी झाली.