करसिनीची थोरली

तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, करणाऱ्या बाईला उतावीळपणा चालत नाही. सोयाबीन उकडायचं, टोपलीत घालून ओढ्याच्या पाण्यात पायांनी तुडवायचं, सालं वाहून गेली की विरजण लावून केळीच्या पानांत बांधायचं आणि दोन दिवस त्याच्याकडे ढुंकूनही पाहायचं नाही. दर तासाला पान उघडून बघणाऱ्या बाईचं तेंपे कधी जमत नाही, असं करसिनी म्हणायची, आणि तेंप्यापुरतं ते खरंच होतं. क्लातेन शहराच्या पलीकडच्या चार खेड्यांत तिच्या हातच्या वड्यांना मागणी होती. पण तेंप्याचा कायदा तिनं पोटच्या पोरीला लावला, आणि तिथं तिचं चुकलं. हे तिचं तिलाही माहीत आहे. आता साठी जवळ आली तरी एकटी असली की ती त्याच विचारात असते.

तिची थोरली पूर्वांती. जन्मली ती नेमकी बापाच्या वाराला. तिकडं सात दिवसांच्या आठवड्याबरोबर पाच दिवसांचं बाजाराचं चक्रही चालतं; सातांतला वारही तोच आणि पाचांतला बाजारवारही तोच. बाप-लेक एका वाराची असली की एका छपराखाली दोघांपैकी एकाला लाभत नाही, हे तिकडचं शेंबडं पोरही सांगेल. मग उपायही ठरलेला. बाळाला सुपात घालून परसातल्या उकिरड्यावर ठेवायचं, शेजारणीनं केर काढता काढता ते 'सापडवायचं', आणि आईनं तिच्याकडून ते विकत घ्यायचं. म्हणजे पोर बापाची उरली नाही, सापडलेली झाली. नशिबाच्या डोळ्यांत धूळ फेकायची, दुसरं काय.

केर काढायला आली ती बुदे दस्री. विहिरीच्या पलीकडं राहणारी, वयानं मोठी, म्हणून सगळ्यांचीच बुदे, म्हणजे मोठी मावशी. नवरा लवकर गेलेला, मूल नाही. तिनं खराटा टाकला आणि गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "अगं बाई, कुणाचं गं हे गोजिरवाणं? कुणाला नको असेल तर मी नेते हं घरी!"

"थांबा, थांबा, मला हवंय!" करसिनी दारातून म्हणाली आणि एक नवं लुगडं आणि एक कोंबडी देऊन तिनं आपलीच लेक विकत घेतली.

"कोंबडीवर सौदा झाला होय!" बुदे लेकरू देता देता म्हणाली. "मला बुडवलीत तुम्ही. कोंबडी म्हातारी आहे."

गंमत तिथंच संपायला हवी होती. पण पोरगी दंगा करायला लागली की कुणीतरी म्हणायचंच, "सोडून ये गं हिला परत उकिरड्यावर." पूर्वांतीला त्याचं वाईट वाटत नसे. उलट पाचव्या वर्षी ती कमरेवर हात ठेवून सांगायची, "मी सापडलेली आहे. तुम्ही नुसते जन्मलेले."

मग करसिनीला पुन्हा दिवस गेले. मधलं एक पोटातच गेलं होतं, त्यामुळे सगळं घर जपून पावलं टाकत होतं. नवरा पार्मिन गवंडी होता; शहरातलं काम सोडून गावातच मिळेल ते करू लागला. पण खरी तयारी केली पूर्वांतीनं. ती रोज सकाळी खराटा घेऊन उकिरड्याजवळची हातभर जागा झाडायची, खडे वेचायची, वर केळीचं पान अंथरायची.

"काय चाललंय गं?" बुदेनं विचारलं.

"बाळ येणाराय ना. त्याला टोचायला नको. आणि बुदे, तू लवकर उठत जा. कुत्र्याला आधी सापडलं म्हणजे?"

हे ऐकून करसिनी इतकी हसली की तिला पोट धरून बसावं लागलं. त्या वेळी कुणीतरी पोरीला जवळ घेऊन नीट सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही. सगळ्यांना हसूच येत होतं.

सेत्यो जन्मला भर दुपारी, घरात, चटईवर. पूर्वांती उकिरड्याशी बसून होती. आतून रडणं ऐकू आलं तशी ती धावत दाराशी आली. दाई नाळ धुवायला काढत होती, शेजारच्या चार बायका पाणी तापवत होत्या.

"हा कुठून आला?" तिनं विचारलं.

"आईच्या पोटातून. कुठून येणार?"

"मग टाकणार कधी?"

"ह्याला कशाला टाकतोय!" दाई म्हणाली. "हा घरचा आहे. उकिरड्यावरची तू."

बायका खो खो हसल्या. करसिनी दमलेली होती, वेदना नुकत्या थांबल्या होत्या, कुशीत मुलगा होता. तीही हसली. पोरीनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि शेवटी आईकडं पाहिलं. ती नजर करसिनीला नंतर पुष्कळ वेळा आठवली. त्या क्षणी मात्र तिनं मान वळवून बाळाच्या बोटांकडं पाहिलं.

पुढचे दिवस तिचे तिलाच कळले नाहीत. सकाळी सेत्योकडं पाहून ऊर भरून यायचा आणि दुपारी कारण नसताना रडू यायचं. पोट आवळून बांधलेलं, कपाळावर पाल्याचा लेप, कडू काढे, आणि दूध नीट उतरत नव्हतं. मुलगा रडून रडून लाल व्हायचा. त्यात पूर्वांती. बारा दिवसांपूर्वी जी पोर लहान वाटत होती ती अचानक केवढी मोठी दिसायला लागली. तिचे धुळकट पाय, तिचा मोठा आवाज, तिच्या अंगाचा घामट वास, सगळंच करसिनीला नकोसं व्हायचं. ती अंगाला टेकायला आली की करसिनी कोपर आडवं धरायची. मग स्वतःचीच लाज वाटायची, मग त्या लाजेचाही राग यायचा, आणि तो राग पुन्हा पोरीवरच निघायचा. हे ती कुणाला बोलली नाही. आईला असं वाटतं हे म्हणायची सोयच नव्हती.

बाराव्या दिवशी ती विहिरीवर दुपटी धुवायला गेली. परत आली तर चटई रिकामी.  परसात धावली तर उकिरड्याजवळ सूप, सुपात केळीचं पान, पानावर सेत्यो, उन्हात डोळे मिटून तोंड वाकडं करत असलेला. चार पावलांवर पूर्वांती उकिडवी बसलेली, ओठांवर बोट, कुणाची तरी वाट बघत.

करसिनीनं आधी बाळ उचललं आणि मग पोरीच्या कानशिलात दिली. एक नाही, दोन.

"मारायला निघालीस भावाला? द्वाड कार्टी! नको झालाय ना तुला? तर जा! जिनं तुला उचललं तिच्याकडंच जा!"

पूर्वांती रडली नाही. आत गेली, तिची धुवट चादर खांद्यावर टाकली आणि विहिरीला वळसा घालून बुदेच्या घरात शिरली. चाळीस पावलांचं अंतर.

आता खरं ते सांगायचं तर त्या दुपारी सेत्यो पहिल्यांदा पोटभर प्यायला आणि करसिनी पहिल्यांदा गाढ झोपली. संध्याकाळच्या नमाजाच्या वेळेला पार्मिन घरी आला. थोरली कुठाय, त्यानं विचारलं. करसिनीनं पडल्या पडल्या काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

आठवड्यानं बुदे काढ्याचा पाला घेऊन आली. बसली, पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली, मग म्हणाली, "करसिनी, पोर काय म्हणते माहितीय? ती मला हाक मारायला यायच्या बेतात होती. म्हणे, बुदेनं बाळाला उचललं असतं की तोही सापडलेला झाला असता. मग आम्ही दोघं सख्खे झालो असतो."

 बुदे गेल्यावर करसिनीनं बाळाच्या दुपट्यात तोंड खुपसून रडून घेतलं. तिला तेव्हाच उठून जायचं होतं. पण पस्तीस दिवसांच्या आत बाळंतिणीनं उंबरा ओलांडून दुसऱ्याच्या घरी जायचं नसतं, अशी एक पळवाट तिला मिळाली. विहीर चालत होती, शेजारघर चालत नव्हतं!

पस्तिसाव्या दिवशी सेत्योचं जावळ काढलं आणि नारळी भाताचं ताट घेऊन ती गेली. पूर्वांती बुदेच्या पाठीमागं उभी राहिली आणि तिनं बुदेचं लुगडं मुठीत धरलं.

"चल घरी."

पोरीनं नाही म्हणून मान हलवली.

"मी धरून ठेवलेली नाही हं," बुदे म्हणाली. "दार सताड उघडं आहे. पण ढकलून कशी देऊ? तूच हात धर आणि ने. थोडी रडेल, मग गप्प होईल."

करसिनीनं हात पुढं केलाही. तेवढ्यात तिकडं घरी सेत्यो रडायला लागला. ती म्हणाली, "राहू दे चार दिवस. आपोआप येईल." आणि ताट ठेवून माघारी आली. सारखं पान उघडून बघू नये, असं तिनं मनाला समजावलं. मनाला काय, समजावू तसं समजतं.

चार दिवसांचे चार महिने झाले. सेत्योला खोकला, मग पावसाळा, मग तेंप्याची मोठी मागणी. पूर्वांती यायची नाही असं नव्हतं. रोज शाळा सुटली की यायची, ओढ्यात उभी राहून सोयाबीन तुडवायची, सेत्योला कडेवर घेऊन फिरवायची. भावावर तिचा जीव होता. पण संध्याकाळची बांग झाली की पाय धुवायची, "येते मी," म्हणायची आणि घरी जायची. घरी, म्हणजे पलीकडं. पूर्वी आईला 'माक, तू' म्हणून अंगावर चढणारी पोर आता 'तुम्ही' म्हणत होती. लोक कौतुक करायचे, काय वळण आहे पोरीला! करसिनी खाली मान घालून पानं बांधत राहायची.

वर्षं अशीच गेली. बुदेच्या शेवटच्या आजारात पूर्वांतीनं तिचं सगळं केलं. लग्नाच्या दिवशी आई-बापाच्या पायांवर डोकं ठेवायची वेळ आली तेव्हा तिनं व्यवस्थित ठेवलं, कुणाला बोट दाखवायला जागा ठेवली नाही. पार्मिन ओक्साबोक्शी रडला. करसिनीला रडू आलं नाही. आपल्याला न आवडलेला पाहुणासुद्धा ही असाच व्यवस्थित निरोप देऊन पोचवील, एवढंच तिच्या मनात आलं.

पूर्वांती शहरात नांदायला गेली. मुलगा झाला, बगस. तो चार वर्षांचा झाला आणि तिला दुसऱ्यांदा दिवस राहिले. बातमी कळली त्या दिवसापासून करसिनीच्या डोक्यात एकच गोष्ट. बाळंतपणाचे पस्तीस दिवस बगसला आपल्याकडं आणायचं. त्याला ओढ्यावर न्यायचं, वड्या तळून खाऊ घालायच्या. जे लेकीचं राहिलं ते नातवाचं करायचं. तिनं त्याच्यासाठी लाकडी पलंग करून घेतला, पार्मिननं त्याला निळा रंग दिला.

सातव्या महिन्याच्या जेवणाला ती शहरात गेली. पाहुणे पांगल्यावर स्वयंपाकघरात भांडी आवरता आवरता तिनं विषय काढला.

"बगसला मी नेते. तुला दोन पोरं झेपायची नाहीत. पहिले दिवस फार वाईट असतात."

पूर्वांती ताटं पुसत राहिली. "नको, माक."

"अगं, महिन्याचा तर प्रश्न आहे. तुला जरा शांतता..."

"तुम्ही मला बुदेकडं जा म्हणालात त्याच संध्याकाळी तिनं मला परत पाठवलं होतं," पूर्वांती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "तुम्हाला माहीत नसेल. म्हणाली, जा, आईला सांग मी चुकले, ती जवळ घेईल. मी मागच्या दारापर्यंत आले होते. आत बापा विचारत होते, थोरली कुठाय. तुम्ही म्हणालात, 'असू दे तिकडंच. आज कुठं घर निवांत झालंय.' मग मी परत गेले. बुदेला सांगितलं, माक झोपलीय."

करसिनीनं चुलीजवळचा पाट ओढला आणि त्यावर बसली. सव्वीस वर्षं तिनं पोरीच्या हट्टाला दोष दिला होता, बुदेच्या लाडाला दिला होता, खोकल्याला, पावसाला, सगळ्यांना दिला होता.

"मी म्हटलं होतं गं तसं," ती म्हणाली.  "खरंच म्हटलं होतं. फार दमले होते."

"कळतं मला आता. बगसच्या वेळी मीपण काय काय बोललेय. राग नाही माझ्या मनात." पूर्वांतीनं शेवटचं ताट फळीवर ठेवलं. "पण बगस कुठं जाणार नाही. तुम्हीच या इकडं राहायला."

"येते की! त्याचं सगळं मी बघीन. आंघोळ, जेवण, शाळा..."

"त्याचं मी बघीन. तुम्ही बाळाला धरा."

करसिनी गेली. मुलगी झाली, नाकीडोळी करसिनीच्याच वळणाची. पस्तीस दिवस तिनं ती मांडीवर, खांद्यावर, झोळीत सांभाळली. दूध पाजायचं झालं की आत न्यायची आणि पाजून झालं की लगेच बाहेर आणायची. एका दुपारी ती बाळाला थोपटत ओट्यावर बसली होती. आत बगस आईच्या पोटावर पाय टाकून काहीतरी न संपणारी गोष्ट सांगत होता, आणि पूर्वांती मध्येच विचारत होती, "मग? मग पुढं काय झालं?" पोराचे पाय मातीनं भरलेले होते. तिनं ते दूर सारले नाहीत.

बाळ झोपून बराच वेळ झाला होता. आत नेऊन ठेवलं असतं तर चाललं असतं. पण मग पूर्वांतीला एक हात बाळावर ठेवावा लागला असता, म्हणून करसिनी बाहेरच बसून राहिली.