ग्रंथालयातला हुंकार

अर्जुनामामांनी चौतीस वर्षं लोकांना गप्प बसवलं.

मलकापूरच्या बाजूला, महामार्गाच्या अलीकडं विद्यापीठाचं एक केंद्र आहे. तिथल्या ग्रंथालयात ते परिचर होते. मागितलेलं पुस्तक आणून द्यायचं, परत आलेलं जागेवर लावायचं, फडक्यानं धूळ पुसायची. आणि वाचनकक्षात कुणी कुजबुजलं, की त्या टेबलाजवळ जाऊन उभं राहायचं. बोलायचं नाही, नुसतं उभं राहायचं. पोरं त्यांना घाबरत नव्हती. पण मामा शेजारी येऊन उभे राहिले, की आपण काहीतरी चोरलंय असं वाटायचं.

वर्षअखेरीला ते निवृत्त होणार होते. त्याआधी त्यांना एकच काम उरकायचं होतं. थोरल्या बहिणीला, रंगुआक्काला, या ग्रंथालयात मानानं आणून बसवायचं होतं. आणि तिला एक वाक्य सांगायचं होतं. पन्नास वर्षांत ते जमलं नव्हतं.

त्यांचं मूळ घर वडूजच्या पुढं, माळावर. बाप मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की कळप घेऊन खाली, पाण्याच्या मुलखात जायचं. पावसाच्या तोंडावर परत फिरायचं. एका वर्षी आई आजारी पडली आणि कळपामागं एक माणूस कमी पडलं. आक्का तेव्हा चौथीत होती, अर्जुना दुसरीत. दोघांत हुशार आक्का. मास्तर बापाला वाटेत गाठून म्हणाले होते, पोरगीला शिकव. बापानं दोघांना समोर बसवलं. म्हणाला, "एकानं यायला लागंल." अर्जुना जमिनीकडं बघत राहिला. आक्का उठली आणि तिनं घोंगडं खांद्यावर टाकलं.

एवढंच झालं. त्यावर घरात पुन्हा कुणी बोललं नाही.

मामा बारावी झाले. नोकरीला लागले. मलकापुरात दोन खोल्या बांधल्या. मुलगी राणी शिकून सांगलीत नर्स झाली. यातली प्रत्येक गोष्ट होताना मामांना ते घोंगडं दिसायचं. पण भावानं बहिणीचे आभार मानायची रीत त्यांच्यात नाही. आभार परक्याचे. घरात तसं काही बोललं तर समोरचा म्हणणार, का रं, मी काय पाव्हणा हाय? मग मामा आक्काला लुगडं न्यायचे, गूळ न्यायचे. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा सांगलीला राणीकडं आठ दिवस ठेवून घेतलं. वाक्य तेवढं आतच राहिलं.

तीन वर्षांपूर्वी शिवांजली मॅडम ग्रंथपाल म्हणून आल्या आणि मामांचं काम बदललं. मॅडमनी पहिल्या महिन्यात नोंदी काढल्या. निम्म्या पुस्तकांना दहा-दहा वर्षं कुणी हात लावलेला नव्हता.

"लोक आपल्याकडं येत नाहीत ना मामा? मग आपण जायचं."

"पुस्तकं घिऊन?"

"पुस्तकं घेऊन."

एक पत्र्याची पेटी आली. एका शनिवारी ती जीपमधून कडेगावला जायची, एका शनिवारी वडूजला. तिथं वाचनगट सुरू झाले. दहा-पंधरा जणांनी एकच पुस्तक वाचायचं, मग एकत्र बसून त्यावर बोलायचं. त्यात शिक्षिका होत्या, एक शिंपी होता, निवृत्त सुभेदार होते. आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी केंद्रातच, वाचनकक्षातली टेबलं बाजूला सारून, 'गोष्टीचा शनिवार'. बाहेरच्या कुणीतरी यायचं आणि गोष्ट सांगायची. पेटी उचलायची मामांनी, जीप चालवायची नईमनं. गट बसला की मामा पेटीजवळ उभे राहायचे. सवयीनं, गप्प.

कडेगावच्या गटात एकदा मेंढपाळांवरची कादंबरी होती. गट चालवणारी नौशीन एम.ए.ला होती, वाचायची छान. तिनं एक परिच्छेद वाचला. वैशाखातली दुपार, माळ तापलेला आणि धूळ उडवत निघालेला कळप.

"तसं न्हाई."

सगळ्यांनी मागं बघितलं. मामा बोलले होते.

"काय मामा?"

"दुपारचं मेंढरू चालत न्हाई. उभं ऱ्हातं. एकमेकाच्या पोटाखाली मुंडकं घालून. डोकं सावलीत, पाठ उन्हात. आन तवा तुमी ढकललं तरी हालत न्हाई." मामा थांबले. मग म्हणाले, "लिवणारा सकाळी बघून गेला आसंल. दुपारी जेवाय बसला आसंल."

सुभेदार एवढे हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"मामा, हे एवढे दिवस कुठं लपवून ठेवलं होतंत?" नौशीन म्हणाली.

"मला काय येतंय? येतंय ते माज्या आक्काला. तिच्याकडं गोष्टी हायत. लांबच्या लांब."

"मग आणा की त्यांना," सोबत आलेल्या शिवांजली मॅडम म्हणाल्या.

मामा पुढच्याच रविवारी माळावर गेले. आक्का गोठ्यात कोकरांना पाला टाकत होती.

"तुज्या हापिसात? तिथं पुस्तकं हायत की पोत्यानं. मी कशाला?"

"पुस्तकात तुजी गोष्ट न्हाई."

"आन मेंढरांकडं कोण बघंल? तुजी म्याडम येती का?"

"सून हाय की."

"सुनंला मेंढरू आन शेळी येगळी वळखू येत न्हाई," आक्का म्हणाली. सून दारातच होती, ती हसली. मग आक्का म्हणाली, "एकच दिस. आन माईक बीक नगं."

तो शनिवार उजाडला तेव्हा मामा सातलाच केंद्रावर हजर. करकरणारा पंखा त्यांनी बंद करून ठेवला. दाराच्या बिजागरीला तेल घातलं. साठ खुर्च्या मांडल्या आणि त्या भरल्या. वाचनगटांची माणसंसुद्धा आली होती. मग मामा रांगारांगांतून फिरले आणि प्रत्येकाला हात जोडून म्हणाले, "माजी आक्का येतीया. मोबाईल बंद ठेवा. अजिबात आवाज करू नका. श्वाससुदिक हळू घ्या."

आक्का आली. तिनं कपाटांकडं मान वर करून बघितलं. खुर्ची दिली तर म्हणाली, हिच्यावर बसून गोष्ट येत न्हाई. ती खाली सतरंजीवर बसली. तसे सगळेच खुर्च्यांवरून उतरून खाली बसले. मामा भिंतीला टेकून उभे राहिले.

"एक मेंढकीन हुती," आक्का म्हणाली. आणि थांबली.

खोली शांत.

"तिचं एक कोकरू हरवलं."

पुन्हा थांबली. तिनं माणसांवरून नजर फिरवली. साठ जण तिच्याकडं टक लावून बघत होते. कुणी हलत नव्हतं.

"ती डोंगराला इचाराय गेली."

कुणाचा श्वास ऐकू येत नव्हता. आक्काचा आवाज खाली गेला.

"बाळांनो, तुमाला आईकू येतंय न्हवं?"

साठ माना हलल्या. आवाज एकाचाही नाही.

आक्कानं पदर सावरला. हात टेकून ती उठली.

"अर्जुना, चल. न्हाई रुचत ह्यास्नी. उगाच कशाला बसवतोस लोकास्नी?"

शिवांजली मॅडम गोंधळून उभ्या राहिल्या. नौशीननं ओठ चावला. काय चुकलं ते कुणालाच कळलं नव्हतं. एका माणसाला कळलं होतं आणि तो भिंतीला टेकून घामाघूम झाला होता.

गोष्टीला हुंकार लागतो. माळावर हे शेंबडं पोरही जाणतं. सांगणाऱ्यानं एक वाक्य टाकायचं, ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणायचं, की दुसरं वाक्य येतं. हुंकार थांबला म्हणजे ऐकणारा झोपला, नाहीतर त्याला नकोय. मग सांगणारा पुढं जात नाही. जबरदस्तीनं कुणाला गोष्ट सांगणं हलकेपणाचं. चौतीस वर्षं शांतता राखता राखता मामा हे विसरून गेले होते. ज्या बहिणीला मान द्यायला आणलं, तिचा त्यांनी साठ माणसांत अपमान केला होता. तोही हात जोडून.

"हूं," मामा म्हणाले.

आवाज घोगरा निघाला. पुरेसा नव्हता. आक्का चपलेत पाय घालत होती.

"हूं!" मामा ओरडले. वाचनकक्षात. "आक्का, डोंगराला इचाराय गेली. हूं! फुडं सांग. मीच ह्यास्नी गप बसा म्हणालो. माजी चूक हाय. गोष्टीला हुंकार लागतो त्ये मी इसरलो."

आक्का वळली. तिनं भावाकडं बघितलं, मग लोकांकडं.

"इसरला? येवढी पुस्तकं पुसतोस आन येवढं इसरलास?"

लोक हसले. मॅडमनी आधी हळूच 'हूं' म्हणून बघितलं.

"म्याडम, जेवला न्हाईसा का? जोरात!" आक्का म्हणाली.

मग सगळ्यांनी म्हटलं. आक्का पुन्हा खाली बसली.

डोंगर म्हणाला, मी बघितलं नाही, ओढ्याला विचार. हूं. ओढा म्हणाला, मी वाहतो, थांबत नाही, वाऱ्याला विचार. हूं. दीड तास गोष्ट चालली. वाऱ्यानं कोकरू परत दिलं, पण त्याचा आवाज थोडा ठेवून घेतला. म्हणून मेंढरू अजून वाऱ्याकडं तोंड करून ओरडतं. शेवटी शेवटी हुंकार असा एका दमात येत होता, की बाहेर पोर्चमध्ये बसलेला नईम आत येऊन बसला.

गोष्ट संपली. मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "आज आभार अर्जुनामामा मानतील."

मामांनी आयुष्यात शेकडो आभारप्रदर्शनं ऐकली होती. खुर्च्या उचलायला थांबलेला माणूस शेवटपर्यंत ऐकतोच. त्यांना ती पाठ होती. ते पुढं आले आणि छापील भाषेत सुरू झाले. उपस्थितांचे आभार. मॅडमचे आभार. पेटी उचलताना मदत करणाऱ्यांचे आभार. जीप वेळेवर आणल्याबद्दल नईमचे. सतरंजी देणाऱ्या शेजारच्या विभागाचे. मग त्यांनी पुन्हा मॅडमचे आभार मानले. मग पाणी भरणाऱ्याचे. साठ जणांना दिसत होतं की एक नाव राहिलंय आणि मामा त्याच्याभोवती फिरतायत.

ते थांबले. मग छापील भाषा सुटली.

"मी दुसरीत हुतो. आक्का चौथीत. हुशार ती हुती. बा म्हणाला एकानं मेंढरांमागं यायचं. मी खाली बघत ऱ्हायलो. ती उठली. मी हितं हाय ते..."

"खोटं बोलतोय ह्यो," आक्का म्हणाली.

ती लोकांकडं बघून सांगू लागली.

"मला शाळा आवडतच न्हवती. मास्तर तंबाखू खाऊन बोलायचा, अंगावर उडायचं. मला मेंढरं बरी वाटायची. उगाच वझं घिऊन हिंडतोय येडा." ती मॅडमकडं वळली. "झालं का आता? च्या हाय का?"

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मामाही हसले. पण त्यांना काय वाटत होतं ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. पन्नास वर्षं जपलेली गोष्ट तिनं एका फटक्यात उडवली होती. ती खरं बोलली, की साठ माणसांत भावाची मान खाली जाऊ नये म्हणून बोलली?

चारच्या सुमारास जीप वडूजला निघाली. मामा सोडायला गेले. आक्काच्या मांडीवर मॅडमनी दिलेली शाल होती. तिनं ती दोनदा उलगडून बघितली आणि दोनदा घडी केली. पुसेसावळीच्या पुढं माळ सुरू झाला. मामा म्हणाले, "आक्का, खरंच आवडत न्हवती शाळा?"

"पन्नास वर्सं त्वांड शिवलं हुतं का तुजं? समदं आजच इचारतोस."

"सांग की."

नईमनं गाण्याचा आवाज कमी केला, मग बंदच केला.

"पयलं वरीस रडलो," ती म्हणाली. "रोज. तू शाळंची पिशवी घिऊन निघालास ह्ये डोळ्याफुडं यायचं. बा झोपला की रडायचो. दुसऱ्या वरसाला मेंढरं मला वळकाय लागली. मग न्हाई रडलो. मग तिकडंच बरं वाटाय लागलं. ह्ये खरं हाय."

"आन मास्तर?"

"तंबाखू खायाचा की. ते बी खरं हाय."

मामांना हसू आलं आणि त्याच्याबरोबर डोळेही भरून आले. ते पुसायची त्यांनी घाई केली नाही.

"आक्का," ते म्हणाले, "माजं समदं तुज्यामुळं झालं. नोकरी, घर, राणीचं शिक्षाण. समदं."

त्यांना वाटलं, आता ती म्हणेल, गप रं, मी काय पाव्हणी हाय?

आक्कानं शाल घडी करून बाजूला ठेवली. भावाकडं नीट बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "माज्यामुळंच झालं. बरं केलंस, सांगितलंस."